सातवी ओळ

डिंगणकर बाई कात्री बुडवतात
पिवळसर पाण्यात. त्यात करप्याचे जंतू.
मग कुणग्यात उतरून
भाताच्या पातीचं टोक कापतात,
लहान पोराची बट कापावी तसं.

चौदा दिवसांनी मी, पट्टी घेऊन.
शिरगावच्या चिखलात पोटऱ्यांपर्यंत.
पहिल्या ओळीत करपा वीतभर खाली उतरलेला.
वहीत लिहिते : एकवीस.
सातवीत
कापल्या जागी तपकिरी रेघ, नखाएवढी.
बस्स.

बाई म्हणतात, अख्खा जंतू कुठे दिसतो तिला!
त्याच्या एका प्रथिनाचा तुकडा
पेशीच्या कडेला घासतो,
तेवढ्यावरून ओळखते.

सासू माझी मिरकरवाड्याची.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
पण बंदराबाहेर इंजिन खोकलं की सांगते,
"कासमची बोट. आपली न्हाय."
आणि पुन्हा जाळं विणायला लागते.

डबा उघडताना बाई हळूच म्हणाल्या,
ती रेघ जंतूनं नाही केली.
पातीनंच मारल्या तिथल्या पेशी,
आपल्याच, चांगल्या जित्या,
पुढची वाट बंद व्हावी म्हणून.

वहीत त्याला रकाना नाही.
मी लिहिते : शून्य पूर्णांक आठ.
पट्टी पदराला पुसते
आणि आठव्या ओळीत वाकते.