मोरीच्या पलीकडे

न्याहळोदच्या फडात आप्पा पाटकरी होते,
म्हणजे पांझरेचं पाणी बंधाऱ्यापासून शेवटच्या बांधापर्यंत
चालत नेऊन पोचवायचं, गुरासारखं.
घड्याळ नव्हतं. करंजाचं एक वाळलेलं पान
पाटात सोडायचे, त्याच्या बरोबरीनं चालायचे,
ओठांत आकडे.
चाळीस पावलांना तीस म्हणजे पाणी खुशीत,
पन्नास म्हणजे वर कोणीतरी
दार उघडलंय चोरून.

मी मागे. पान हरवू न देणं हे माझं काम.

आता मी गोव्याला असते आणि पान पिवळं आहे,
माझ्याहून उंच, डोक्यावर अँटेना,
पोटात बॅटरी आणि थोडं तेल.
अरबी समुद्रात सोडलं की बुडतं
हजार मीटर. आप्पांना मीटर कळत नाहीत असं नाही,
तरी मी म्हटलं, आपल्या विहिरीसारख्या तीस विहिरी
एकाखाली एक.
तिथल्या काळोखात प्रवाह नेईल तिकडे नऊ दिवस,
मग आणखी खोल जाऊन वर येतं,
येता येता पाणी चाखत:
किती गरम, किती खारं.
उपग्रहाला सांगतं, इथं आहे,
आणि परत बुडतं.

"वर कसं येस?"
पोटातलं तेल बाहेरच्या फुग्यात ढकलतं, आप्पा.
वजन तेवढंच राहतं, जागा जास्त घेतं, म्हणून तरंगतं.
"गोडं तेल?"
आई आतून हसली, आप्पा नाही.

पाटाच्या कडेला बसून मी फोनवर नकाशा दाखवला.
ठिपका, रेघ, ठिपका, रेघ,
सौराष्ट्राच्या खालून कुठंतरी ओमानच्या दिशेनं.
"ह्या रेघा कोनी काढ्यात?"
आम्हीच. वर आलं ते ठिपके खरे.
मधलं दिसत नाही, म्हणून पट्टी लावून जोडायचं.

आप्पांनी सदऱ्याला चष्मा पुसला.
"पानी सरळ जात नही, पोरी."

माहीत आहे. प्रबंधात लिहिलंय मी ते,
पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात.

अठराव्या वर्षी धुळ्याच्या स्टँडवरून गेले.
दर रविवारी फोन: जेवले. बरी आहे. इकडे पाऊस.
दोन रविवारांच्या मधे
ह्यांनी कशाची पट्टी लावली असेल
मी विचारलेलं नाही.
तेही विचारत नाहीत.

सत्तावीस नंबरचं साडेपाच आठवडे गप्प आहे,
एवढंच सांगितलं.
बॅटरी संपली असेल, कुणाच्या जाळ्यात गेलं असेल,
तळाच्या गाळात रुतलं असेल.
आप्पा उठले. करंजाखालून एक पान निवडलं,
बाजारात भेंडी निवडावी तसं, दोनदा टाकून देऊन.

आज अक्कलपाड्याचं आवर्तन सुटलं होतं,
पाट भरून, गढूळ.
रस्त्याखालून मोरी जाते तिथं पान आत शिरलं.
आम्ही रस्ता ओलांडला. उसाची ट्रॉली होती,
ती जाईपर्यंत थांबलो, आप्पांचा हात माझ्या दंडाला,
ओठ हलत.

पलीकडच्या तोंडातून फेस आला.
गुटख्याची पुडी. एका पायातली निळी चप्पल.
मग एक पान.
हेच ना?
"नही. हाई निंबनं."

नव्वदच्या पुढे मी मोजणं सोडलं.
आप्पांनी नाही. ते खाली उकिडवे बसले,
मोरीच्या अंधारात बघत,
एकशे चौदा, एकशे पंधरा,
आणि न वळता, डाव्या हातानं,
शेजारची जागा झाडली माझ्यासाठी.