वज्री

ससूनमध्ये, चामडीच्या ओपीडीत,
डॉक्टरीणबाईनं विचारलं, घासता कशानं?
म्हटलं, वज्रीनं.
टाचा?
नाही. हात, मान. पाठ, पोचेल तिथवर.

तिनं पेन खाली ठेवलं.

कोथरूडच्या सहा सोसायट्यांचा ओला-सुका
दुपारी दोनपर्यंत माझ्या हातांतून जातो.
मग वस्तीचा चढ,
कढत पाणी, कपड्यांचा साबण
आणि कातडं लाल होईस्तोवर ती.
तरी एकदा बसमध्ये शेजारची बाई उठली,
दांडेकर पूल येईस्तोवर
दांडी धरून उभी राहिली.
जागा होती.
त्या रात्री मी दुसऱ्यांदा पाणी तापवलं.

डॉक्टरीण म्हणाली, मावशी,
कातडीचं स्वतःचं तेल असतं,
ते तुम्ही रोज मोरीत सोडताय.
ही खाज मळाची नाही, घासण्याची आहे.
पाणी कोमट. पाच मिनिटं, बास.
पंचानं टिपायचं, खसाखसा नाही,
अंग ओलं आहे तोवर खोबरेल.
मग हातमोजे न घालताच
माझं कोपर धरून उजेडाकडे वळवलं.
बराच वेळ बघत होती.
मला वाटलं, आता सोडेल.

पंधरा दिवस झाले.
भेगा मिटत आल्यात, रात्री झोप लागते.
मोरीच्या कोनाड्यात वज्री कोरडी पडलीय,
टाकवत मात्र नाही.
बसमध्ये खिडकीशी बसते.
शेजारची जागा कधी भरते,
कधी नाही.
नाही भरली की नखं आपोआप दंडाकडे जातात,
बोटांना खोबरेल लागतं.
पुसते पदराला,
हात मांडीवर ठेवते.