सूर, ओमान

या गावाचं नावच सूर.
ऑफर लेटरवर वाचलं तेव्हा वाटलं
टायपिंगची चूक असेल.
पोचल्यावर बाईंना फोन केला:
बाई, मी सुरात आहे.
पलीकडे आधी खोकला, मग हसू,
"चला, बारा वर्षांनी का होईना."

उखळकरबाई.
विद्यापीठाचा संगीत विभाग म्हणजे
परीक्षा भवनामागच्या पत्र्याच्या तीन खोल्या,
त्यातल्या एकीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.
उन्हाने पत्रा कडाडला की बाई विचारायच्या,
कोणत्या पट्टीत वाजला?
आम्ही हसायचो.
त्या उत्तरासाठी थांबलेल्या असायच्या.

पहिलं अख्खं सत्र मला गाऊ दिलं नाही.
तंबोरा लाव. उतरव. पुन्हा लाव.
मी लावून वर बघायचो,
त्या चष्मा पुसत असायच्या.
"अजून नाही."
कधी फार झालं तर, "जवळ आलास,"
आणि जवळ हा शब्द तेव्हापासून
मला अंतरासारखा ऐकू येतो.

तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवायच्या,
केसभर इकडे, केसभर तिकडे,
आणि मुकी बसलेली तार एकदम उघडायची.
तो दोरा त्या पदराचा काढायच्या,
त्यामुळे बाईंच्या सगळ्या साड्यांचे पदर
एका कोपऱ्यात विरलेले.

मग एका दुपारी डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडे सारत,
"गळा नाही रे तुझा, सोपान.
कान मात्र देवाने फुरसतीत केलाय.
आता त्याचं काय करायचं ते बघू."
डोळ्यांचं विचारलं तर म्हणालो, ठेचा तिखट आहे.

वडील अंथरुणाला खिळले. एम.ए. राहिलं.
आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा फॉर्म भरला
तो खरं तर नावाला भुलून.
बाईंनी शिफारसपत्र दिलं,
विभागाचा शिक्का, खाली सही, मध्ये एकच ओळ:
या मुलाला ऐकू येतं.
खिडकीतला कारकून म्हणाला,
हे मेडिकल सर्टिफिकेट इथे चालत नाही.

इथे गॅस उणे एकशे बासष्टपर्यंत थंड करतात,
मग तो पाण्यासारखा जहाजात भरून जातो.
त्याचा आवाज नसतो. आवाज यंत्रांचा.
तीन नंबरचा कॉम्प्रेसर बंद पडायच्या आठवडाभर आधी
मी लॉगबुकात लिहिलं, खर्ज किंचित उतरलाय.
कुरियनसाहेबांनी ते खोडून व्हायब्रेशन लिहिलं
आणि नंतर, बेअरिंग हातात घेऊन,
बराच वेळ माझ्या कानांकडे बघत राहिले.

हे बाईंना सांगायचं राहिलं.

मंगळवारी पहाटे पाळीवरच कळलं.
ग्रुपवर जोडलेले हात, एकाखाली एक.
मी जोडले नाहीत.
हात ग्लव्हजमध्ये होते, म्हणा.

शुक्रवारी खाडीकाठी गेलो,
लाकडी गलबतं बांधतात त्या आवारात.
खमीस नावाचा म्हातारा सुतार
फळ्यांच्या फटीत कापसाचा पीळ ठोकत होता,
ठोकायचा, कान लावायचा, पुन्हा ठोकायचा.
त्याच्याकडे दोरा मागितला. कशाला, म्हणाला.
जवारीला अरबीत काय म्हणतात, मला माहीत नाही.
हवेत चार तारा धरून बोटाने छेडल्या.
ऊद?
मी नाही म्हणालो. मग हो म्हणालो.
त्याने तेल न लागलेला एक टोक शोधून
वीतभर तोडून दिला,
आणि पैसे काढले तर हातावर चापट मारली,
अगदी तंबोरा ओलांडल्यावर बसायची तशी.

खोलीवर तंबोरा नाही. मोबाइलमध्ये आहे,
त्याला दोरा लागत नाही.
रात्री दीड वाजता एसी
काळी दोनच्या जरासा खाली घोंगावतोय.
स्टुलावर चढून मी जाळीचा एक स्क्रू पाव फेरा आवळतो.
शाहजहान पांघरुणातून विचारतो, काय झालं?
काही नाही, झोप.
अजून पाव फेरा.

अजून नाही.