अकरा मिनिटं

मस्तुरा,
कात्री माझ्या हातात होती.
हे आधीच सांगून टाकते,
म्हणजे पुढचं बोलायला तोंड उरेल.

तू मार्गिलानची. तुझी आई रेशमाच्या गिरणीत
उकळत्या पाण्यातून कोशांची टोकं शोधायची,
तिच्या बोटांवर ठसे उरले नव्हते,
असं तू सांगायचीस, जेवताना, सहज,
मीठ मागावं तसं.
वसंतात घरातली चांगली खोली किड्यांना
आणि माणसं अंगणात.
रात्रभर तुतीचा पाला कुरतडल्याचा आवाज,
जणू पलीकडे कुणीतरी न थांबता वर्तमानपत्र उलटतंय.
तो आवाज पुढे तुला
एकाही ध्वनिमुद्रकाने नीट दिला नाही.

मॉस्कोत परीक्षकांनी विचारलं, सिनेमाच का?
तू म्हणालीस, आमच्याकडे रीळ बायकाच उलगडतात.
ते हसले.
तू विनोद केला नव्हतास.

ताश्कंदला परतलीस तर हाती मुलांचे चित्रपट.
बाई आहे, मुलांचं तिला कळेल.
बोलणारी बोकडं, शहाणं गाढव, पुन्हा बोकडं.
सात वर्षं.
पण गाढवालाही तू असं उभं केलंस
की ओझं कुणाचं आहे
हे मागच्या रांगेतल्यालाही कळावं.

मग तो कापसाचा,
ज्याचं नाव समितीने तीनदा बदललं.
सप्टेंबर. शाळा बंद, वर्गच्या वर्ग शेतात.
एल्योर नावाचा पोरगा, बोंडांनी ओरखडलेली बोटं,
ढिगावर झोपी गेला, खराखुरा,
आणि तू कॅमेरामनला नुसता हात दाखवलास: चालू दे.
अकरा मिनिटं. कुणी बोलत नाही.
ट्रॅक्टर येतो, जातो.
काट्यावरचा माणूस मोठ्याने आकडे सांगतो.
पोरगा झोपलेलाच.

समितीतले एक गृहस्थ, तसे चांगले होते,
नातवंडांचे फोटो दाखवायचे,
म्हणाले, आमची मुलं झोपत नाहीत.
कागद खाली आला. मी कापलं.
तू मागे उभी होतीस. म्हणालीस,
"राशिदा, सरळ काप. तिरकं जोडलं की उडी दिसते."

तेवढंच.

तुकडे जाळल्याची नोंद माझी, सही माझी.
पण संध्याकाळी तू निघालीस
तेव्हा मे महिन्यात कोट कशाला, हे मी विचारलं नाही.
जन्मभरातलं हे एक न विचारणं
जमेला धरावंसं वाटतं.

पुढे देश बदलला.
तुझ्या स्टुडिओत प्लास्टिक गुंडाळलेले सोफे रचले
आणि तू भाड्याच्या कॅमेऱ्यावर लग्नं टिपू लागलीस.
एका नवरीच्या आईची तक्रार आली,
पाहुण्यांपेक्षा भांडी घासणाऱ्या पोरीच जास्त दिसतात म्हणून.
पैसे अर्धे मिळाले, वर डबाभर पुलाव.
तो डबा तू माझ्याकडे आणलास.
आपण थंडच खाल्ला, भांड्यातून.

गेल्या हिवाळ्यात तू गेलीस.
चाळीस दिवस झाल्यावर तुझी भाची नफोसत
एक जुनी रजई घेऊन दारात.
"खालाने सांगितलंय, उसवायची ती तुम्हीच."
टाके सरळ होते.
आत कापूस, कापसात रेशमी फडकं,
फडक्यात रीळ. व्हिनेगरचा वास,
थराला थर चिकटून दगड झालेला.

म्हणजे पन्नास वर्षं
तू त्या पोराला पांघरून झोपत होतीस.

प्रयोगशाळेतल्या मुलाने आठवडाभर ओल दिली, ऊब दिली.
मी शेजारी बसून बघत होते
टोक शोधणारी त्याची बोटं.
चार सेकंद निघाली. शहाण्णव चौकटी.
बाकीचा चुरा त्याने एका बशीत ठेवलाय,
फेकू का, असं दोनदा विचारलं.

काल चालवून पाहिलं.
पोरगा झोपलाय. ट्रॅक्टर अजून यायचाय.
तोंडावर ऊन.
आणि चौकटीच्या कडेने एक सावली आत येते,
डोक्याला रुमाल बांधलेली,
हळूहळू सरकत
त्याच्या डोळ्यांवर येऊन थांबते.

मी कापलं तेव्हा हे मला दिसलं नव्हतं.