कच्चा हात

पाच दिवसांनी नळाला पाणी आलं,
आणि भरली घागर घेऊन महानंदा ओल्या पायरीवरून घसरली.
उजवं मनगट मोडलं.
मी एकोणसाठाव्या वर्षी पहिल्यांदा
ज्वारीच्या पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं.

तोवर छत्तीस वर्षं
सूतगिरणीच्या हिशेबखात्यात बसून
दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या होत्या.
बोटांना तेवढंच येत होतं.

ती खुर्चीत, हात गळ्यात अडकवलेला.
"पाणी घाला."
किती?
"लागेल तेवढं."
लागेल तेवढं म्हणजे किती?
तिनं डोळे मिटले. बराच वेळ मिटले.
"सांगता नाही येत ओ. हाताला माहिती असतंय."
आणि हात तर प्लास्टरमध्ये.

पहिली भाकरी परातीतच फाटली.
दुसरीला मी अक्कलकोट तालुका म्हणालो,
तिसरीला मंगळवेढा, एका बाजूनं खाल्लेला.
ती हसली, हसताना हात दुखला.
"टाकू नका. मंद आचेवर राहू द्या.
बिघडलेली भाकरी कडक करायची असते.
चार दिवस पुरते, शेंगाचटणीबरोबर कुणी आकार बघत नाही."

मग चटकच लागली, न येणाऱ्या गोष्टींची.

विजापूर वेशीजवळ पंक्चरच्या दुकानात
मोसीन, वय अकरा, माझा दुसरा गुरू.
"ट्यूब पाण्यात धरा काका, अन् गप बसा."
मी धरली. गप बसायला वेळ लागला.
एक बुडबुडा आला, राईएवढा,
सायकलीनं एवढ्या वेळानं सांगितलं कुठं दुखतं ते.
मी लगेच ठिगळ लावायला गेलो.
त्यानं हातातून ओढून घेतलं:
"आधी घासा की! घासल्याबिगर चिकटतंय का?"

आणि साखर पेठेत, दोन माग, एक बल्ब,
भिंतीवर कापसाची धूळ, टॉवेलांचे गठ्ठे,
अंबादास म्याकल.
तुटलेला धागा जोडायला शिकव, म्हणालो.
माग बंद करून तो म्हणाला,
"हिशेब तपासायला आलात काय, साहेब?"

मी मारली ती बुटाच्या नाडीची गाठ.
"ही फणीत अडकणार. फणीच्या दातातून
गेली तर गाठ, नाही गेली तर गोळा."
त्यानं माझी बोटं धरली, एकेक करून,
अंगठ्याखाली एक टोक, त्यावरून दुसरं,
मेल्लगा, मेल्लगा,
त्याच्या आईनं त्याला शिकवलं त्याच शब्दात.
धागा दिसत नव्हता. चष्मा पुसला, तरी दिसत नव्हता.
"बघू नका. चाचपा."

अठ्ठावीस गाठी सुटल्या.
एकोणतिसावी फणीतून गेली,
आणि मला आठवला आमच्या वहीतला रकाना:
घट, सूत, इतके किलो.
त्याखाली दरमहा माझीच लाल रेघ.
त्या किलोंना बोटं होती
हे त्या रकान्यात मावलं नव्हतं.
त्याला सांगितलं नाही. त्यानं चहा मागवला,
दोघांनी एकाच बशीतून प्यायला.

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं.
आतून निघालेला हात बारीक होता, पांढुरका,
कुणा दुसऱ्या बाईचा वाटावा असा.
डॉक्टरांनी स्पंजचा चेंडू दिला दाबायला.
तो तिला दाबता येईना.

तरी रविवारी ती परातीपुढं बसली.
पीठ घेतलं. तांब्या उचलला. थांबली.
माझ्याकडं बघितलं,
जणू मी शेजारच्या बाकावरचा, एक इयत्ता पुढचा.
"किती घालू ओ?"

मला आता माहीत होतं. सांगता मात्र येईना.
तांब्याला खालून हात लावला, एवढंच.
बाहेर वीज गेली आणि गल्लीतले सगळे माग एकदम थांबले.
त्या शांततेत थापायचा आवाज,
एक थाप, मग बराच वेळ काही नाही,
मग दुसरी.

फाटली ती, काठाला.
"सांगोला," ती म्हणाली,
आणि स्वतःच गॅस बारीक केला.