आमचा सोमवार

सोमवारी कोरिएन्तेसवरची नाटकं बंद,
म्हणून नेलिदाला सुट्टी.
आणि नाटकं बंद म्हणजे रात्री साडेअकराचा लोंढा नाही,
म्हणून मालक मलाही सोडतो, कुरकुरत.
ब्युनोस आयर्सचा शनिवार असतो, तसा
आमचा दोघांचा सोमवार.

बाकीच्या रात्री ती अंधारात माणसं पेरते.
हातात टॉर्च, उजेड कायम जमिनीवर,
कुणाच्या तोंडावर पडू द्यायचा नाही, हा तिचा धर्म.
रांग एफ, सात आणि आठ. सांभाळा, पायरी आहे.
एकतीस वर्षांत तिने एकाही नाटकाची सुरुवात
धड पाहिलेली नाही.
पहिली वीस मिनिटं उशिरा येणाऱ्यांची.
शेवट मात्र सगळे पाठ.

मी तिच्या थिएटरात कधी शिरलो नाही,
पण नाटक कसं झालं ते मला टेबलांवरून कळतं.
हसवणारं असलं की लोक अख्खा पिझ्झा मागवतात,
वर फाइना, वर गोड मोस्कातो,
आणि एकमेकांचे संवाद तोडत बोलतात.
रडवणारं असलं तर जेवण तसंच राहतं
आणि पावाच्या टोपल्या रिकाम्या होतात.
साफ पडलेलं असलं, तर त्याचं नावच कुणी काढत नाही;
सगळे घरभाड्याबद्दल बोलतात,
डॉलरबद्दल.
त्या रात्री मी तिच्यासाठी दोन तुकडे बांधून ठेवतो.
पडलेल्या नाटकाला बक्षिशी नसते.

परवा आम्ही सिनेमाला गेलो.
जुलैची थंडी. तिने एदेल्मिराचा, तिच्या बहिणीचा, कोट घातलेला;
खिशात कुठल्यातरी लग्नात उधळायचे राहिलेले तांदूळ.
सिनेमा एका बेटावरचा.
त्यात एक माणूस दोन तास होडी दुरुस्त करतो.
खोटं कशाला बोलू, दिवे गेल्या गेल्या मला डुलकी लागली.

जाग आली ती शेजारची खुर्ची रिकामी वाटली म्हणून.
पाहतो तर नेलिदा मधल्या वाटेत, जराशी वाकून,
फोनचा उजेड जमिनीकडे धरून
एका म्हाताऱ्या जोडप्याला जागा दाखवत होती.
"सांभाळा, पायरी आहे."

तिथे पायरी नव्हती.
पायरी तिच्या थिएटरात आहे.
तरी दोघांनी एकमेकांचा हात धरला,
पाय उचलला,
आणि नसलेली पायरी अगदी जपून उतरले.

परत आली तेव्हा तिच्या मुठीत घडी घातलेली नोट.
"अगं, परत दे."
"अंधारात? त्याला अपमान वाटेल."

नंतर जेवायला गेलो, माझ्या मालकाच्या समोरच्या फुटपाथवर.
तिने मला स्वयंपाकघराकडे पाठ करून बसवलं.
तरी मी ताटल्या एकात एक रचल्या,
तळहाताने तुकडे गोळा केले.
वाढणारा पोरगा नवा; तीन पेले एका हातात मावेनात.
मी उठणार, एवढ्यात टेबलाखाली पायावर पाय पडला.
"बस. आज गिऱ्हाईक आहेस."
"आणि तू गं, मघाशी?"
ती हसली. हनुवटीवर चीजचा धागा.

मग मीच म्हणालो, काय तो सिनेमा,
एवढं रंधायचं, एवढं डांबर फासायचं,
आणि शेवटी होडी तशीच किनाऱ्यावर सोडून
माणूस चालायला लागतो. याला काही अर्थ?

नेलिदाने काटा खाली ठेवला.
"तू सुरुवात पाहिली नाहीस," ती म्हणाली.
हे वाक्य तिच्या तोंडी कधी आलं नव्हतं,
तिचं तिलाच नवल वाटलं असावं,
म्हणून पुन्हा म्हणाली, हळू:
"सुरुवात मी पाहिली.
होडी त्यानेच फोडली होती. कुऱ्हाडीने.
मुलगा तिच्यातून जाणार होता म्हणून."

बाहेर एक बस थांबली, निघून गेली.
पोराने विचारलं, अजून काही आणू का?
पिझ्झा अर्धा उरलेला, मोस्कातोला हात नाही.

पाव, मी म्हणालो.
थोडा पाव आण.