सत्त्याऐंशी पायऱ्या

दलाल कुशवाहानं दिवसाउजेडी दाखवल्या तीन खोल्या:
थाटीपूरची, लिफ्टवाली.
मुरारची, आंब्याच्या सावलीतली.
आणि ही, सत्यनारायणच्या टेकडीवर.
सत्त्याऐंशी पायऱ्या. सिलिंडरवाला खालीच थांबतो म्हणे.
पाणी? "आता है, मॅडम,"
म्हणाला, आभाळाकडे बघत.

मी रात्री नऊला परत गेले,
एकटी, चपला बदलून.

थाटीपुरात दारं लावलेली, दिवे पांढरेफटक;
माझ्याकडे पाहिलं फक्त एका कॅमेऱ्यानं.
मुरारला कुणी भांडत होतं, इतकं सवयीचं
की कुत्रंही उठलं नाही.

इथं चाळिसाव्या पायरीवर धाप लागली.
मागं करधईचं रान, पानं झडलेलं,
समोर किल्ला, खाली लश्करचे दिवे.
कुठंतरी लसणाची फोडणी.
बल्बखाली गहू निवडणारी एक बाई
मान वर न करता
परातीसकट थोडी सरकली.
मी टेकले.

"किसके यहाँ जाना है?"

पुण्यात असते तर राग आला असता
या प्रश्नाचा.
इथं उत्तरच नव्हतं.
म्हटलं, सत्तेचाळीस राहिल्यात अजून.

अडतीसच, ती म्हणाली.
वरच्या नऊ ढासळल्या मागच्या साली.
तिथं हात धरावा लागतो
कुणाचा तरी.